हलकी गोळी

कारंज्याच्या बाजारात कुठल्याही दुकानाची पायरी चढलात की दुकानदार विचारायचा, "काय पायजे?" औषधवाले काका विचारायचे, "कायले पायजे?" एरंडेल मागा, टिंक्चर मागा, नाही तर साधा ओव्याचा अर्क मागा, आधी कशासाठी ते सांगायचं. पोट दुखतं म्हटलं तर कुठं दुखतं, कधीपासून, काल काय खाल्लं, घरात आणखी कुणाचं दुखतं का. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली असली तरी त्यांना त्याचं सोयरसुतक नसे. कुणी कावून म्हणालं, की द्यायचं तर द्या नाही तर राहू द्या, तर ते शांतपणे म्हणत, बरं, राहू देऊ. आणि खरोखरच बरणी उचलून परत फळीवर ठेवत.

आमची पहिली भेट भांडणानंच झाली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. मी नागपूरहून इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून नवीनच आले होते. तिशीची, विधवा, आणि जिभेला धार. एका बाळंतिणीसाठी कार्बोलिक, जंतू मारायचं जहाल औषध, हवं होतं म्हणून धावत दुकानात गेले, तर ह्यांची चौकशी सुरू. कोणाचं बाळंतपण, कितवं, घर कुठल्या गल्लीत, घरात बारकी पोरं किती. मी म्हटलं, मूल तुमची चौकशी संपेपर्यंत आत थांबणार आहे का? त्यावर त्यांनी मुकाट्यानं बाटली दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बाळंतिणीकडे गेले तर हे अंगणात उभे. उरलेलं कार्बोलिक परत न्यायला आले होते. मी ती बाटली पाण्याच्या घडवंचीखाली तशीच विसरून आले होते, आणि त्या घरात रांगणारं एक आणि धावणारी दोन पोरं होती. काकांनी बूच घट्ट केलं. बाटली कोटाच्या खिशात घालून निघून गेले. तेव्हापासून मी त्यांच्याशी भांडत राहिले, पण दुकान कधी बदललं नाही.

कोट बारा महिने तोच. खाली धोतर, वर काळा कोट, आणि दोन्ही खिशांत बाटल्यांची बुचं. वऱ्हाडातल्या वैशाखातसुद्धा तो कोट निघायचा नाही. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. तरुणपणी अकोल्याला एका डॉक्टरच्या हाताखाली कंपौंडर होते, तिथून जे शिकले तेवढ्यावर हे दुकान. मूर्तिजापूरच्या गाडीनं औषधांची पेटी आली की प्रत्येक नवी बाटली फोडून आधी स्वतः चाखायचे. एकदा जुलाबाचं कसलं तरी नवं औषध चाखून दोन दिवस दुकान बंद होतं, आणि बंद का आहे ते कारण दाराच्या फळीवर खडूनं स्वच्छ लिहिलेलं होतं. सगळा बाजार ते वाचून हसला. काका तिसऱ्या दिवशी आले आणि कमी मात्रेत तेच औषध विकू लागले.

वाचता येणारी गिऱ्हाइकं थोडी, म्हणून ते चिठ्ठीवर चित्रं काढायचे. सकाळच्या डोसाला डोंगरातून उगवणारा सूर्य, दुपारच्याला डोक्यावर सूर्य असलेला माणूस, रात्रीच्याला पेटलेली चूल. एका म्हातारीनं ती सूर्याची चिठ्ठी देव्हाऱ्यात लावली, रोज हळदकुंकू वाहिलं आणि औषधाला बोट लावलं नाही. काकांना हे कळलं ते आठव्या दिवशी. तिच्या घरी जाऊन त्यांनी आधी सूर्यनारायणाला हात जोडले, मग स्वतःच्या हातानं तिला औषध पाजलं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दवा तोंडात जाईस्तोवर माही हाये, मंग तुमची." लोकांच्या घरात घुसून बाटलीत किती उरलं ते पाहण्याचा हक्क त्यांना ह्या वाक्यानंच दिला होता. कुणी दिला नव्हता, पण काढूनही कुणी घेतला नाही.

अफूबद्दल मात्र ते चेष्टा करत नसत आणि कुणी केलेली चालत नसे. तेव्हा अफू काही चोरून मिळायची नाही. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला सरकारी ठेका होता, वर पाटी, खाली तराजू. खोकल्याला अफू, सांधेदुखीला अफू, हगवणीला अफू, आणि काहीच होत नसेल तर कंटाळ्याला अफू. ठेक्याशेजारी एक दुकानदार अफूच्या बाळगोळ्या करून विकायचा. बाळगोळी म्हणजे मूल झोपावं म्हणून त्याला द्यायची गोळी. अफू, जायफळ, गूळ, थोडी वेखंडाची पूड, आकार ज्वारीच्या दाण्याएवढा. काकांकडे औषधाच्या अफूचा परवाना होता आणि तेही बाळगोळ्या करायचे. मी आल्या आल्या त्यांना त्यावरून फैलावर घेतलं. ते म्हणाले, मी नाही केल्या तर बाया ठेक्याजवळून घेतील, आणि त्याच्या गोळीत आज किती अफू आहे ते त्यालाही माहीत नसतं. माझ्या गोळीत किती आहे ते मला माहीत आहे. हे खरंच होतं. संगमरवराच्या तुकड्यावर ते गोळ्या वळायचे तेव्हा एकही दाणा लहानमोठा होत नसे.

ह्या गोळ्या लागायच्या त्या जिनातल्या बायांना. कापसातली सरकी काढायचा कारखाना म्हणजे जीन. दिवाळी झाली की कामरगावकडच्या वस्त्यांवरून, आसपासच्या खेड्यांवरून बाया कारंज्यात यायच्या, जिनाच्या भिंतीला लागून झोपड्या घालायच्या आणि चैत्रापर्यंत राबायच्या. अंगावर पिणारी मुलं भिंतीच्या सावलीत पोत्यांवर ओळीनं झोपवलेली. मी पहिल्यांदा ती ओळ पाहिली तेव्हा भोंगा वाजत होता, यंत्रं धडधडत होती, हवेत कापसाची भुसभुस आणि त्यात वीस-बावीस मुलं गाढ झोपलेली. मी मूर्ख, त्या बायांना म्हणाले, किती गुणी बाळं आहेत तुमची! बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग मी एकाची पापणी उचलून पाहिली. बाहुली मोहरीएवढी झाली होती.

त्यानंतर मी ओरडले, समजावलं, घाबरवलं. बाया मान डोलवत ऐकायच्या. पण मुकादमाचा नियम असा होता की मूल रडलं की मूल आणि आई दोघंही फाटकाबाहेर. मी काही त्यांना दुसरं काम देणार नव्हते आणि त्यांची मुलंही सांभाळणार नव्हते. मग माझ्या बोलण्याला अर्थ काय होता, असं आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

काकांना आपण ह्यातून मार्ग काढू असं वाटायला लागलं ते एका अडत्यामुळे. कापूस बाजारातला म्हातारा अडत्या, वीस वर्षांचा अफूबाज. त्याच्या मुलांनी हात टेकले आणि त्याला काकांकडे आणलं. काकांनी एकच अट घातली, रोज सकाळी दुकानात यायचं आणि गोळी माझ्यासमोर गिळायची. पहिल्या दिवशी त्याच्या नेहमीच्या मापाची गोळी दिली. मग दर आठवड्याला गोळीतली अफू कणभर कमी आणि काथ कणभर जास्त. आकार तोच, रंग तोच, कडूपणासाठी चिरायता. आठ महिन्यांनी त्या गोळीत अफू औषधालाही राहिली नव्हती आणि म्हातारा रोज येऊन मिटक्या मारत ती गिळत होता. आणखी दोन महिने गेल्यावर काकांनी त्याला खरं सांगितलं. म्हाताऱ्यानं भर बाजारात त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या, मग पायरीवर बसून ढसाढसा रडला. संध्याकाळी त्याच्या घरून शिऱ्यानं भरलेलं ताट आलं. काकांनी ते मला देऊन टाकलं. त्या दिवशी त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळ होता, आणि आज मला वाटतं, तो म्हातारा सुटला नसता तर बरं झालं असतं.

कारण दिवाळीनंतर जीन सुरू झालं आणि काकांनी मला दुकानात आत बोलावून सांगितलं, की बाळगोळीचंही तेच करायचं ठरवलंय. दर पंधरवड्याला अफू थोडी काढायची. पुढच्या दिवाळीपर्यंत गोळीत नुसतं जायफळ आणि गूळ राहील. पोरांच्या अंगाला कळणारसुद्धा नाही.

मी म्हटलं, बायांना सांगून करा.

"दहा वरसापासून सांगून राह्यलो, बाई," काका म्हणाले. "सांगतलं का मान हालवतात अन् ठेक्याकडं जातात. आता सांगत नाई. आता करतो."

मी वाद घातला असं म्हणायला मला आवडलं असतं. घातला नाही. उलट मला गंमत वाटली. लोकांच्या भल्यासाठी लोकांना फसवायचं ह्यात एक सुख असतं, ते मी चाखलं. जिनात जायचे, ती ओळ पाहायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, तुम्हाला काय ठाऊक आम्ही काय करतोय ते. काही मुलं आता मध्येच कुरकुरायची, डोळे उघडायची. मला तो आमचा विजय वाटायचा. त्या कुरकुरणाऱ्या मुलांच्या आयांना मुकादम काय बोलतो ते मी उभं राहून कधी ऐकलं नाही.

त्या बायांमध्ये गिरजा होती. कामरगावजवळच्या वस्तीवरची, विशी ओलांडलेली, आधीची दोन मुलं गेलेली. तिसऱ्याला ती मागच्या हंगामाच्या शेवटी जिनाच्या झोपडीतच बाळंत झाली आणि तो पायाळू मुलगा मी ह्या हातांनी ओढून काढला होता. निळा पडला होता, तोंडाला तोंड लावून मी त्याला श्वास दिला. ह्या गिरजेसारखी बाई मी कारंज्यात दुसरी पाहिली नाही. सांगितलेलं जसंच्या तसं करायची. पाणी उकळून म्हटलं तर उकळूनच, नाळेला हात लावू नको म्हटलं तर सासूलाही लावू दिला नाही. माझं ऐकणारी ती एकटी. फक्त गोळीपुढे तिचा इलाज नव्हता. नवरा खोकल्यानं झोपडीत पडलेला, आणि मुलगा आडदांड, टाहो फोडणारा.

माघात मी तिच्या झोपडीत गेले होते, मुलगा मांडीवर घेतला, तर ती सहज बोलली, "बाई, आता एकीनं भागत नाई. दोन द्या लागतात. मोठा होऊन राह्यला ना."

ती कौतुकानं सांगत होती. पोराला भूक जास्त लागते असं सांगावं तशी. मला कळलं की गोळी हलकी झाली म्हणून दोन लागतात. मी हिशेब केला, अर्ध्या अफूच्या दोन म्हणजे पूर्वीची एकच. बिघडलं काही नाही, सुधारलंही काही नाही. काकांना सांगावं असं मनात आलं होतं. पण ते त्या दिवसांत इतके खुशीत असायचे की सांगवेना. त्यांच्या गोळ्या जास्त खपायला लागल्या होत्या आणि त्यांनी अर्थ असा लावला होता की ठेक्याजवळच्या बायाही आता आपल्याकडे वळल्या. मला म्हणाले होते, "पाहा बाई, आपल्यापाशी इस्वास हाये." आयाबाया दुप्पट नेताहेत हे मी त्यांना सांगितलं नाही. फाल्गुनात गिरजा म्हणाली तीन लागतात, तेव्हाही सांगितलं नाही.

अडत्या एकच गोळी खायचा, कारण देणारा समोर उभा होता. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांच्या डोक्यात आली नाही. दोघंही स्वतःला शहाणे समजत होतो.

चैत्रात पोहरादेवीच्या यात्रेला काका दरवर्षी जायचे. देवासाठी नाही, हगवणीसाठी. इतकी माणसं एका विहिरीचं पाणी पिणार म्हणजे पोटं बिघडणारच, असं म्हणून पेटी बैलगाडीत घालायचे आणि चार दिवस झाडाखाली बसून औषध वाटायचे. त्या वर्षीही दुकानाला कुलूप लावून गेले. जिनाचं काम अजून दहा-बारा दिवस बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी गिरजेच्या गोळ्या संपत आल्या. ती दुकानापर्यंत गेली, कुलूप पाहिलं आणि ठेक्याशेजारच्या दुकानातून बाळगोळ्या घेतल्या. सांगितलेलं जसंच्या तसं करणारी बाई. तिनं काकांची एक गोळी नमुन्याला शिल्लक ठेवली होती. ती आणि नवी गोळी तळहातावर शेजारी शेजारी धरून पाहिली. आकार एकच, रंग एकच. मग सकाळी भोंग्याआधी नेहमीप्रमाणे तीन दिल्या.

मला बोलवायला माणूस आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. डॉक्टर दौऱ्यावर. मी पोचले तेव्हा मुलगा पोत्यावरच होता, ओठ निळे, श्वास मोजायला लागावा इतका सावकाश. मी पोटॅशचं लाल पाणी नळीनं पोटात घालून काढलं, कडक कॉफी करवून घेतली, तळपायांवर चापट्या मारल्या, ओल्या फडक्यानं तोंड झोडलं, पाय धरून उलटा केला. पुन्हा एकदा तोंडाला तोंड लावलं. जन्मताना आला होता तो श्वास ह्या वेळी आला नाही. आत यंत्रं चालूच होती, कारण ती मुकादमाच्या हातात होती. गिरजा माझ्यासमोर उभी होती. रडत नव्हती. तळहात पुढे धरून मला दाखवत होती. त्यावर ती नमुन्याची एक गोळी आणि नव्यांतली एक.

"तेवढ्याच होत्या, बाई," ती म्हणत होती. "मी पाहून देल्ल्या. तेवढ्याच होत्या."

संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीनं त्या दुसऱ्या दुकानदाराला शिव्या घातल्या. तो मेला विष विकतो. काका असते तर लेकरू वाचलं असतं. काकांच्या गोळीनं कधी कुणाला काही झालंय का? हे मी ऐकत होते आणि माझी जीभ, जिची मला इतकी घमेंड, टाळ्याला चिकटली होती.

काका त्यानंतर तिसऱ्या दिवशी परतले. दुकानासमोर जिनाच्या पाच-सहा बाया आधीच उभ्या होत्या. आता तुमच्याशिवाय कुणाची गोळी घेणार नाही म्हणाल्या, एकीनं तर पायाला हात लावला. काकांना काहीच कळेना. मी त्यांना आत नेलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, किती दिल्या? मी म्हटलं तीन. ते खालीच बसले. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "तीन कवापासून?"

"महिना झाला."

"तुमाले मालूम होतं?"

"होतं."

ज्या माणसानं बूच सैल लावलं म्हणून गिऱ्हाइकाला दहा मिनिटं झापलं असतं, तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी काही तरी उत्तर दिलं असतं, भांडले असते. ते उठले, कोट झटकला आणि म्हणाले, गिरजेकडे जातो. मी आडवी आले. म्हटलं, नका जाऊ. ती त्या दुकानदाराला दोष देतेय, तेवढ्यावर ती जगेल. तुम्ही सांगून मूल परत येणार आहे का? ते माझ्या बाजूनं निघून गेले. मग मीही मागे गेले.

ती झोपडीच्या दारात बसली होती. काकांनी उभ्या उभ्याच सांगितलं. गोळीतली अफू आपण काढत आणली होती, म्हणून त्याला तीन लागत होत्या, दुसऱ्याची गोळी पुऱ्या अफूची होती. हात जोडून सांगितलं, पण आवाज दुकानातलाच, औषध समजावून सांगतानाचा. तिनं आणखी एकदा सांगायला लावलं. मग हळूहळू, जमिनीकडे पाहत, म्हणाली,

"म्हंजे तुमच्या तीन म्हंजे एक."

"हाव."

"अन् त्याच्या तीन म्हंजे तीन."

"हाव, माय."

जे तिच्या डोक्यात शिरणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो, ते तिला दोन वाक्यांत समजलं. तिनं वर पाहिलं.

"मले सांगतलं असतं तं मी त्याची एकच देल्ली असती," ती म्हणाली. "मी तुमचं कोनतं ऐकलं नाई?"

मग ती माझ्याकडे वळली आणि नुसतं विचारलं, मलाही ठाऊक होतं का. मी होय म्हटलं. ती उठून आत गेली आणि झोपडीच्या तोंडावरचा तट्ट्या ओढून घेतला.

पुढे काकांनी जे केलं त्याला कारंज्यातले लोक वेड म्हणतात. मला दुसरा शब्द सुचत नाही, पण वेड म्हणवत नाही. त्यांनी बाळगोळ्या करणं बंद केलं. जिनाच्या प्रत्येक झोपडीत, आणि हंगाम संपून बाया परतल्या तेव्हा त्यांच्या वस्त्यांवर जाऊन, एकेका बाईला सांगितलं की माझ्या गोळीत अफू तिसरा हिस्साच राहिली होती, मी तुम्हाला फसवलं. बायांनी ऐकून घेतलं. कुणी रागावलं नाही. दिवाळीनंतर पुन्हा जीन सुरू झालं आणि त्या सगळ्या, एकूण एक, ठेक्याशेजारच्या दुकानात गेल्या. ज्या दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या त्याच्याकडेच. दुसरीकडे कुठे जाणार? काका खरं बोलले, आणि खरं कळल्यावर बायांना एवढंच कळलं की काकांची गोळी कामाची नाही.

मग त्यांनी दुकान एका पुतण्याच्या हवाली केलं आणि जिनात येऊन बसायला लागले. सकाळच्या भोंग्यापासून सुटीपर्यंत, त्या मुलांच्या ओळीपाशी, अंगात तोच कोट. दर थोड्या वेळानं उठायचे, एकेका मुलाच्या नाकापाशी हात धरायचे, पापणी उचलायचे, छाती पाहायचे, पुन्हा जागेवर. मुकादमानं दोनदा हुसकावलं. तिसऱ्यांदा फुकटचा राखणदार म्हणून राहू दिलं. आल्या-गेल्या बाईला विचारायचे, किती दिली, कुणाची दिली. बहुतेक जणी उत्तर न देता आत जायच्या. राखण करणाऱ्याला सांगितलं म्हणजे त्याची बोलणी खावी लागतील असं त्यांना वाटे. त्या हंगामात त्यांनी दोन मुलं वेळेत ओळखली आणि मला हाक मारली. त्यातलं एक वाचलं. मी ते वाचलेलं मूल आईच्या हातात देताना म्हटलं, काका, हे तुमचं. ते म्हणाले, दुसरं कोणाचं?

फाल्गुनात गिरजा आली. तिला पुन्हा मुलगा झाला होता, सव्वा महिन्याचा. ह्या वेळी बाळंतपणाला तिनं मला बोलावलं नव्हतं, वस्तीवरच्या सुईणीनं केलं. पहिल्या दिवशी ती मुलाला घेऊन आत आली, काकांना पाहिलं आणि ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या वळणापलीकडे त्याला झोपवलं. काका जागचे हलले नाहीत. दुपारी मी गेले तर मला म्हणाले, तेवढे त्याचे डोळे पाहून या. मी वळणापलीकडे गेले आणि पोत्याशी वाकले. गिरजा कुठून पाहत होती कुणास ठाऊक, कापसानं माखलेली बाहेर आली, मुलाला उचललं आणि मी निघून जाईपर्यंत छातीशी धरून उभी राहिली. असे आठ-दहा दिवस गेले. काका रोज विचारायचे, मी रोज मान हलवायचे.

मग एका सकाळी मी तिथंच होते तेव्हा ती मुलाला घेऊन सरळ काकांसमोर येऊन उभी राहिली. मुलगा झोपलेला होता. तिनं त्याला काकांच्या शेजारच्या पोत्यावर ठेवलं, डोक्याखाली फडकं सारलं. वर्षभरात ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"अर्धी देल्ली," ती म्हणाली.

काकांनी विचारलं, "कवा?"

"आता. भोंग्याच्या आंधी."

आणि ती पदर खोचून आत गेली. काका मुलाजवळ सरकले आणि नाकापाशी हात धरून बसले. मी पाहत उभी राहिले. सांगून मोकळी झाली ती. जे आम्ही दोन शिकलेली, शहाणी माणसं तिला सांगू शकलो नव्हतो, ते तिनं एका दमात सांगितलं, खरं आणि मोजून. आणि ती अर्धी गोळीसुद्धा अफूचीच होती.